कोलिटिस आणि आपली हळद



या वेळी मोठ्या आतड्याच्या एका आजाराविषयी लिहिते. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलिटिस म्हणतात. कुपत खोलिमच्या कागदावर 'दलेकेत' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ दाह, सूज. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि बारीक जखमा होतात. सूज गुदद्वाराकडून सुरू होते आणि वर पसरत जाते. शौचाला वारंवार आणि घाईने जावे लागते, पोटात कळ येते, रक्त आणि आव पडते.

हा आजार बहुतेकांना तरुणपणी होतो, पण साठीनंतरही पहिल्यांदा होऊ शकतो. आपल्या पिढीतली माणसे रक्त दिसले की "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसतात. तसे करू नका. रक्त कुठून येते ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि डॉक्टरांना सांगण्यात लाज कसली?

बरे वाटते तेव्हाच धोका

कोलिटिस काही दिवस उफाळतो, मग शमतो. शमला म्हणजे गेला नाही. राफासाल, पेन्टासा यांसारख्या मेसालामिनच्या गोळ्या सूज दाबून ठेवतात, म्हणून बरे वाटते. नोकरीत असताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गोळ्यांनी आराम पडलेला असतो, त्याच सुमारास कोणी नातेवाईक हळदीच्या नाहीतर कोरफडीच्या बाटल्या आणून देतो, आणि श्रेय बाटलीला जाते. गोळ्या बंद होतात. काही महिन्यांनी रक्त परत सुरू होते, आणि मग स्टेरॉइडशिवाय इलाज राहत नाही. उतारवयात स्टेरॉइड म्हणजे साखर वाढणे आणि हाडे ठिसूळ होणे.

म्हणून आज सांगायचे ते एवढेच: नैसर्गिक वस्तू औषधाच्या जोडीला घ्याव्यात, औषधाच्या जागी नाही. जोडीलाही कोणती, किती आणि केव्हा, ते पाहू.

हळद

हळदीची, म्हणजे इथल्या कुर्कूमची, गोष्ट खोटी नाही. तेल हशोमेरच्या शेबा रुग्णालयातील डॉक्टरांनी हाँगकाँग आणि सायप्रसच्या डॉक्टरांबरोबर 50 रुग्णांवर अभ्यास केला आणि तो 2015 साली प्रसिद्ध केला. मेसालामिन घेऊनही ज्यांचा सौम्य ते मध्यम त्रास थांबत नव्हता, अशांना गोळ्या चालू ठेवून रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन दिले. कर्क्युमिन म्हणजे हळदीतले पिवळे सत्त्व. महिन्याभरात कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा त्रास शमला. ज्यांना दिसायला तसेच पण बिनऔषधाचे दिले, त्यांच्यात कोणाचाही शमला नाही.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कोणाच्याही गोळ्या बंद केल्या नव्हत्या. दुसरी, हळदीत कर्क्युमिन शंभरात तीन भाग इतकेच असते. म्हणजे 3 ग्रॅम कर्क्युमिनसाठी हळदीचे 100 ग्रॅमचे अख्खे पाकीट रोज खावे लागेल! कालवणातली चमचाभर हळद चवीला आणि रंगाला उत्तम, पण तिला औषधाचा डोस समजू नका.

कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कुमादिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. पित्ताशयात खडे असतील तर पोट दुखू शकते. काही लोकांच्या यकृताला इजा झाली आहे, विशेषतः मिरीचे सत्त्व घातलेल्या कॅप्सूलने, कारण मिरीमुळे हळद अंगात जास्त शोषली जाते. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर कॅप्सूल लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

इसबगोल, ताक आणि गव्हांकुर

स्पेनमध्ये 1999 साली त्रास शमलेल्या 105 रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इसबगोलाच्या जातीचे बी रोज 20 ग्रॅम घेणाऱ्यांचा आजार मेसालामिन घेणाऱ्यांच्या जवळपास इतकाच आटोक्यात राहिला. अभ्यास लहान आहे, तेवढ्यावर गोळी सोडायची नाही. पण आजार शांत असताना डॉक्टरांच्या संमतीने रोज एक चमचा इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्यायला हरकत नसते. इतर औषधांपासून दोन तास लांब घ्या. आजार उफाळलेला असताना किंवा आतडे अरुंद झाले असेल तर घेऊ नका.

ताक किंवा लेबेन सोसत असेल तर जेवणात चांगले, पण ते औषध नव्हे. चांगल्या जंतूंच्या कॅप्सूलपैकी थोड्याच प्रकारांचा उपयोग दिसला आहे. स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन चालू असेल तर त्या विचारूनच घ्या.

गव्हांकुराच्या रसावर इस्रायलमध्येच 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थोडा गुण दिसला, पण रुग्ण केवळ 23 होते. त्रिफळा, सोनामुखी आणि कोरफडीचा पिवळा चीक मात्र जुलाब करतात. कोलिटिस असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खरी गरज कशाची

रक्त जाते तेव्हा लोह कमी होते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. गोळी सोसली नाही तर लोह शिरेतून देता येते. स्टेरॉइड चालू असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व विचारून घ्या. सालाझोपिरिन घेत असाल तर फॉलिक ॲसिड लागते का ते विचारा.

गुडघे दुखले की आपण सहज नुरोफेन, नक्सिन किंवा व्होल्टारेन घेतो. या गोळ्यांनी कोलिटिस उफाळू शकतो. त्यांच्याऐवजी अकामोल चालेल का ते विचारा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

योम किप्पूरच्या उपासाबद्दलही आधीच डॉक्टरांना आणि रब्बींना विचारा. जुलाब होत असताना पाणी न पिणे उतारवयात जिवावर बेतते. जीव वाचवणे उपासाहून मोठे, हे आपलाच धर्म सांगतो.

थांबू नका

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच होत असेल आणि सोबत ताप, धडधड, चक्कर किंवा पोट फुगणे असेल तर सकाळची वाट पाहू नका. 101 ला फोन करा. आजाराला आठ वर्षे झाली असतील तर त्रास नसतानाही कोलोनोस्कोपी केव्हा करायची ते ठरवून घ्या, कारण जुन्या सुजेतून कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

शेवटी एक सोपे काम. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या आणि डबे, इथले आणि भारतातून आलेले, एका पिशवीत भरा आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. चिठ्ठी नसलेली भस्मे आणि गोळ्यासुद्धा. त्यांपैकी काहींत शिसे आणि पारा सापडला आहे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. तुम्ही काय घेता हे त्यांना ठाऊक असेल तरच ते तुम्हाला सांभाळू शकतील.

सर्वांना रेफुआ श्लेमा.