काम मागा, पण पावती घेऊन

मैत्रिणींनो, हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा आणि त्यावर बोला.

सुगी संपली की हाताला काम नसतं. मग आपण ग्रामपंचायतीत जातो, ग्रामरोजगार सेवकाला विचारतो, “दादा, रोहयोचं काम कधी निघणार?” उत्तर ठरलेलं: “शेल्फवर काम नाही, वरून आलं की कळवतो.” आपण परत येतो. चार खेपा झाल्या की कंटाळून मुकादमाची उचल घेतो नाहीतर घरी बसतो.

यात आपलं कुठे चुकतं? आपण काम विचारतो, मागत नाही. तोंडी विचारलेलं कागदावर येत नाही. मग तालुक्याला सांगितलं जातं, “या गावात मागणीच नाही.”

आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. पुढे 2005 साली देशाचा कायदा आला. त्यात काम ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. मात्र तो हक्क चालू होतो लेखी मागणीच्या तारखेपासून.

मागणी कशी करायची?

1. जॉबकार्ड आपल्याच घरी ठेवा. दुसऱ्याकडे ठेवायला देऊ नका.
2. नमुना 4 भरून सलग किमान 14 दिवसांचं काम मागा. गटातल्या बाया मिळून एकत्र अर्जही देता येतो.
3. तारीख आणि सही असलेली पोच पावती तिथेच घ्या. “तारीख नंतर टाकतो” म्हणाले तर उठू नका.
4. पावतीचा फोटो गटाच्या सचिव ताईकडे ठेवा.

पावतीने काय होतं?

त्या तारखेपासून 15 दिवसांत काम द्यावं लागतं. नाही दिलं तर बेरोजगार भत्ता लागू होतो. तो पहिल्या 30 दिवसांना मजुरीच्या किमान पाव आणि त्यापुढे किमान निम्मा असतो.

हिशोब करून बघा. 2024-25 साली राज्याचा दर दिवसाला 297 रुपये होता. त्याचा पाव म्हणजे 74 रुपये 25 पैसे. तीस दिवसांचे झाले 2,227 रुपये 50 पैसे. हा भत्ता राज्य सरकारने द्यायचा असतो. म्हणूनच पावती द्यायला टाळाटाळ होते, हे ओळखा.

एक लक्षात ठेवा. काम निघाल्याचं कळवल्यावर 15 दिवसांत आपण गेलोच नाही, तर भत्त्याचा हक्क जातो. म्हणून खरंच जायचं असेल तेव्हाच मागणी करा.

पावती देत नसतील तर?

भांडत बसू नका. तोच अर्ज दोन प्रतींत तहसील कार्यालयात द्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. आपल्याकडे तहसीलदार हेच या योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत. लेखी तक्रारीवर त्यांनी 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

एकटी बाई गेली तर “उद्या या” ऐकून परत येते. दहा जणी अर्ज घेऊन गेल्या तर पेन काढावंच लागतं.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गटात किती जणींचं जॉबकार्ड घरात आहे? किती जणींचं दुसऱ्याकडे?
- गेल्या वर्षी किती जणींनी काम विचारलं? पावती किती जणींकडे आहे?
- पुढच्या महिन्यात काम कोणाकोणाला हवं? नावं आजच इतिवृत्तात लिहा आणि अर्ज द्यायचा दिवस ठरवूनच उठा.