चिठ्ठी दिली, पुढे काय?

मूल वेळेवर मान धरत नसेल, बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही असं क्वचितच घडतं. बहुतेकदा अनेकांच्या थोडं थोडं लक्षात आलेलं असतं. आमच्या मुलीच्या बाबतीत आशाताईंना काही दिसलं होतं, अंगणवाडीच्या सेविकाताईंना काही, तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांना काही, आणि माझ्या सासूबाईंना तर सगळ्यांच्या आधी. कुणी वहीत नोंद केली, कुणी चिठ्ठी लिहून दिली. पण हे सगळं एकत्र मांडून पाहणारं माणूस कुठेच नव्हतं, आणि त्यात तिची ऐकण्याची, बोलणं शिकण्याची अतिशय मोलाची वर्षं गेली. इतर कुणाच्या लेकराची जाऊ नयेत एवढीच माझी तळमळ आहे.

ती बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन जेमतेम दीड किलो. पेटीत ठेवावं लागलं, कावीळ वाढत गेली, निळ्या दिव्याखाली ठेवूनही उतरेना, रक्त बदलावं लागेल इथपर्यंत बोलणी आली होती. शेवटी उतरली. घरी सोडताना कानांची ओएई तपासणी झाली आणि दोन्ही कान ठीक असल्याचा कागद आमच्या हाती आला. पुढे जेव्हा जेव्हा शंका आली, तेव्हा तेव्हा हाच कागद काढून आम्हाला गप्प केलं गेलं.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती फार थोड्या पालकांना सांगितली जाते. ओएई तपासणीत कानात आवाज सोडून आतल्या कानातल्या पेशी प्रतिसाद देतात का एवढंच पाहतात. कानाकडून मेंदूकडे आवाज पोचवणारी नस नीट काम करते का, हे त्यात कळत नाही. आणि फार वाढलेली कावीळ नेमकी त्या वाटेलाच इजा करू शकते. म्हणून पाच दिवसांपेक्षा जास्त नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ खूप चढलेल्या बाळाची बेरा तपासणी व्हायलाच हवी. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून, आवाज ऐकवून ती करतात. सुई नाही, दुखणं नाही. नियम सोपा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आमच्या मुलीची बेरा झाली तेव्हा ती अडीच वर्षांची होती.

मधल्या काळात काय झालं? ती कधी आवाजाला वळायची, कधी अजिबात नाही. कानाच्या नसेच्या या दुखण्यात असंच होतं, हे आता कळतं. पण त्यामुळे ‘ऐकू तर येतंय, स्वभावानंच हट्टी आहे’ असं सगळे म्हणू लागले. सासूबाई मात्र ठाम होत्या: “स्वयंपाकघरात परात पडली, मी दचकले, ही ढिम्म. पोरीला ऐकू येत नाही.” त्यांचं म्हणणं मी बालरोगतज्ज्ञांना सांगितलं. उत्तर मिळालं, कमी दिवसांचं बाळ आहे, मागे राहणारच, दोन वर्षं वाट पाहा. शेजारच्या आजींनी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं. ‘तिचा बापही उशिराच बोलला’ हे तर घरोघरी तयार असलेलं वाक्य आहे.

कमी दिवसांच्या बाळाचं वय मोजताना प्रसूतीच्या मूळ तारखेपासून धरावं हे खरं आहे. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून आठ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा करायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. पण हे दोन महिने वजा केल्यावरही मूल मागे असेल, तर ‘कमी दिवसांचं आहे’ हे कारण संपलं. उलट अशा बाळाची तपासणी इतरांपेक्षा लवकर आणि पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

आता चिठ्ठीचं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मतःची व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर असं सगळं ते पाहतं, आणि काही आढळलं तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. योजना चांगली आहे, माणसंही मनापासून काम करणारी भेटली. आमच्या अंगणवाडीत पथक आलं त्या दिवशी मी शाळेवर होते, मुलीला आजी घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बरोबर ओळखलं, कार्डावर कानांच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवावं असं लिहिलं. कार्ड अंगणवाडीत राहिलं. निरोप तोंडी आला, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘कान दाखवून घ्या’ एवढंच झालं. आम्ही गावातल्या डॉक्टरांना कान दाखवले. त्यांनी मळ काढून दिला. पुढचं पथक येईपर्यंत कुणीही, कुठूनही विचारलं नाही की जिल्ह्याला गेलात का.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असं म्हटलं आहे. पण तपासणी झाली आणि मूल उपचारापर्यंत पोचलं नाही, तर त्या तपासणीचा मुलाला काय उपयोग? आरोग्य खात्यातल्या आणि अंगणवाडीतल्या माझ्या बहिणींना हात जोडून सांगते, चिठ्ठी दिल्यावर पंधरा दिवसांनी एक फोन करा. पालक गेले नसतील तर का गेले नाहीत ते विचारा. रोज बुडतो, एसटीची वेळ जुळत नाही, मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं कळत नाही, अशी साधी कारणं निघतील, आणि त्यातली बरीचशी सुटण्यासारखी असतात.

पालकांनी काय करावं, तर पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवावी. दवाखान्यातून सोडतानाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, प्रत्येक तपासणीचा अहवाल, सगळं तारखेप्रमाणे. घरातल्या एकाच माणसाने ती सांभाळावी आणि प्रत्येक ठिकाणी आधीचं सगळं दाखवावं. पथकाच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. कुठूनही निघताना तीन गोष्टी विचाराव्यात: पुढे कुठे जायचं, कुणाला भेटायचं, कधीपर्यंत. ‘वाट पाहा’ असं सांगितलं तर कशाची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून मागावं. त्यात संकोच करू नये.

आणि घरच्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. दोन महिन्यांचं बाळ ओळखीचं हसत नाही, चार महिने उलटूनही मान धरत नाही, नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही की बोटाने काही दाखवत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांनंतरही ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, तर त्याच आठवड्यात तपासणीची वेळ घ्या. येत असलेलं बोलणं किंवा हसणं कोणत्याही वयात थांबलं, तर एक दिवसही थांबू नका. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासावेत, मग कारण ऑटिझम वाटत असो वा आणखी काही.

निदानाला नाव मिळेपर्यंत थेरपी थांबवायची नसते, हेही फार उशिरा कळतं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सवलतींसाठी लागतं, त्याचा अर्ज जरूर करा. पण शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी किंवा वाचा उपचार सुरू करायला त्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि तिथे पैसेही लागत नाहीत. कार्डासाठी महिनोन्महिने थांबलेली आणि तोवर घरी बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. दुसऱ्या टोकाला, लाखो रुपये घेऊन ऑटिझमवर स्टेम सेलचा उपाय सांगणारेही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो मान्य उपचार नाही. जमीन गहाण टाकून त्या वाटेला जाऊ नका.

उपचार सुरू झाल्यावरही आमची ओढाताण संपली नाही. श्रवणयंत्राने पुरेसा फरक पडेना, म्हणून केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी या योजनेत पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणजे इथेही उशीर नडतो. पण नुसत्या शस्त्रक्रियेने मूल बोलू लागत नाही. त्यानंतर यंत्राचं मॅपिंग, म्हणजे आवाजाची जुळणी, आणि रोजचा सराव वर्षानुवर्षं करावा लागतो. तिची पाठही कमजोर होती. फिजिओथेरपिस्ट म्हणायच्या, जमिनीवर खेळू द्या, आधार देऊ नका. वाचा उपचार करणाऱ्या म्हणायच्या, खुर्चीत नीट टेकवून समोर बसवा. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि आमच्या घरात मात्र रोज वाद. शेवटी मी एक साधी शंभर पानी वही केली आणि दोघींना त्याच वहीत लिहायची विनंती केली. एकीने दुसरीचं वाचलं, आणि उत्तर एका ओळीत मिळालं: ऐकण्याच्या सरावाला टेकून बसवायचं, बाकी वेळ जमिनीवर.

तीच वही मग अंगणवाडीत जाऊ लागली. त्या पंधरवड्यात ‘दे’ आणि ‘घे’ शिकवायचं असेल तर सेविकाताई खाऊ वाटताना तेच म्हणायच्या, सासूबाई भाकऱ्या थापताना तेच, तिचे बाबा संध्याकाळी चेंडू खेळताना तेच. आठवड्यातल्या तासाभराच्या थेरपीने जे होत नव्हतं, ते दिवसभर तोच शब्द कानावर पडल्याने होऊ लागलं. आज ती वाक्यं बोलते. काही अक्षरं अजून अडतात, गोंगाटात ऐकायला त्रास होतो.

अंगणवाडीतून पहिलीत जाताना हा धागा पुन्हा तुटण्याची भीती असते, कारण खातं बदलतं आणि मुलाला ओळखणारी माणसंही बदलतात. सेविकाताईंना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना आणि पहिलीच्या बाईंना आधीच भेटा. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तुमच्या शाळेच्या केंद्रात कधी येतात ते विचारा. अहवालांच्या झेरॉक्स शाळेत द्या. मुलाला पुढे, पंख्याच्या आवाजापासून दूर बसवायला सांगा, आणि यंत्राची बॅटरी कशी बदलायची ते बाईंना प्रत्यक्ष करून दाखवा. ही भेट फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या. मी स्वतः शिक्षिका आहे. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांतून आम्हाला मान वर करायलाही वेळ नसतो.