कुळस्वामिनी आणि गळ्यातली माळ

गेल्या माघवारीनंतर सोलापूरकडच्या एका खेड्यात आमची कीर्तनसेवा झाली. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. एक वृद्ध माउली मात्र खांबाला टेकून बसून राहिली. जवळ बोलावताच म्हणाली, "महाराज, लेक दुखण्यात होता तवा तुळजापूरच्या आईला बोकड बोलले होते. लेक उठला. पुढं त्यानं आन् म्या, दोघांनीबी माळ घातली. आता बोकड द्यावं तर माळ बाटती, न द्यावं तर आई कोपंल. काय करू?"

वाचकहो, हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नव्हे. आपल्या फडांतील कित्येकांची कुळस्वामिनी तुळजाभवानी आहे. म्हणून तिला तोंडी जे सांगितले ते येथे जरा विस्ताराने मांडतो.

काही माळकरी यातून एक सोपी वाट काढतात. "एक विठ्ठल असता दुसऱ्या दारी कशाला?" असे म्हणून ते तुळजापुरास जाणेच सोडतात. निष्ठा चांगलीच; पण ती आपल्या रखुमाईच्या निष्ठेहून मोठी आहे काय? भागवताच्या दशम स्कंधातील ५३ वा अध्याय पाहावा. लग्नाच्या आदल्या दिवशी रुक्मिणी अंबिकेच्या देवळात निघाली. राजाची लेक, पण चालली पायी. मुखाने मौन, चित्तात मुकुंदाचे चरण, आणि भोवती शस्त्रे घेतलेले शिपाई. देवळाशी आल्यावर तिने हातपाय धुतले, आचमन केले, वृद्ध स्त्रियांनी सांगितल्याप्रमाणे भवानीला वंदन केले. होय, भागवतात तेथे 'भवानी' हेच नाव आहे! आणि मागितले काय? कृष्ण पती व्हावा, एवढेच. त्याआधी २२ व्या अध्यायात गोपींनी मार्गशीर्षात यमुनेकाठी वाळूची कात्यायनी करून तिची पूजा केली, ती याच मागण्यासाठी. देवीच्या दारी जाऊन देवच मागावा, यात एकनिष्ठा कोठे मोडते?

आता तुळजापूरची गोष्ट. बालाघाटाच्या कुशीतले हे देऊळ. इतर ठिकाणी देवीसाठी डोंगर चढावा लागतो, येथे महाद्वारातून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ येथे स्नान किंवा निदान हातपाय धुणे होते, मग निंबाळकर दरवाज्यातून आत. समोर होमकुंड, पलीकडे गाभारा. मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची, गंडकी शिळेची. आपला शाळिग्रामही गंडकीचाच, हे माळकऱ्याने ध्यानात घ्यावे. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या हाकेला देवी त्वरेने धावली म्हणून ती त्वरिता, त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा, अशी नावाची उपपत्ती परंपरेने सांगतात.

आणखी एक विशेष असा की ही मूर्ती चल आहे. आपला देव आषाढी एकादशीला निजतो आणि कार्तिकीला उठतो. ही माउली वर्षातून तीनदा निजते, तीही खरोखर सिंहासनावरून उचलून पलंगावर. शारदीय नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी अहिल्यानगराजवळील बुऱ्हाणनगरची, आणि पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावचा. देवीला साड्यांत लपेटून पालखीत बसवतात, प्रदक्षिणा होते, आणि युद्धाने शिणलेली आई कोजागरी पौर्णिमेपर्यंत त्या पलंगावर विसावते. लेकरे झोपलेल्या आईभोवती पाय न वाजवता वावरतात, तसा तो भाव आहे. ज्याला पंढरीची काकडआरती आणि शेजारती ठाऊक आहे, त्याला हा निराळा समजावून द्यावा लागत नाही.

दाराशी आराधी भेटतील, गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी. गोंधळ्यांचे संबळ वाजत असेल. पुष्कळ टाळकरी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात, हे आम्हांस आवडत नाही. नाथमहाराजांनी जोगवा रचला, गोंधळ रचला, आणि आपण ते कीर्तनात म्हणतो. त्यांनी परडी फेकली नाही. विकार टाकून बोध मागायला शिकवले.

उरला बोकड. पशुबळी सांगणारे शास्त्रच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे होईल. कालिकापुराणात त्याचे सविस्तर विधान आहे. पण त्याच पुराणात कोहळा आणि ऊस यांनीही देवी बोकडाइतकीच तृप्त होते असे सांगितले आहे, हे कोणी सांगत नाही! मुळात 'बलि' म्हणजे अर्पण. वैश्वदेवातला भूतबली भाताचा असतो, काकबळीही भाताचाच. आणि रुक्मिणीच्या वेळी भवानीपुढे काय ठेवले? गंध, अक्षता, धूप, वस्त्रे, माळा, दिवे. सुवासिनींनी मीठ, अपूप, विडा, गळसूत्र, फळे आणि ऊस. यात एकही प्राणी नाही. मग आपल्या घरचे पुरण तिला कमी कसे पडेल?

इतके ऐकून माउली म्हणाली, "समदं पटलं महाराज. पर पुन्यांदा लेकाला काय झालं तर?"

खरी गाठ येथे आहे, पोथीत नाही. आम्ही म्हटले, "माय, दुखणे देहाला यायचेच, माळकऱ्यालाही येते, बोकड देणाऱ्यालाही येते. ते आले तर वैद्याकडे जा, पण आईने सूड घेतला असे म्हणू नकोस. तू लेकावर कधी सूड उगवलास काय? नवस मात्र बुडवू नको. बोललीस ते फेड. बोकडाच्या जागी कोहळा ने, खणानारळाने ओटी भर, पुरणाचा नैवेद्य दाखव, आणि बोकडाचे जे पैसे लागले असते त्यांचे अन्न पाच घरच्या भुकेल्यांना घाल. भावकी बोलेल, ते ऐकून घे." ती काही न बोलता पाया पडून गेली. पटले की नाही, आम्हांस कळले नाही.

चैत्री पौर्णिमेनंतर तिच्या गावचा विणेकरी भेटला, त्याने निरोप सांगितला. मायलेक सोलापुरापासून पायी गेले. कोहळा भलताच मोठा निघाला, तो लेकानेच सारी वाट डोक्यावर वाहिला. भावकीतले दोघे बोलत नाहीत, तिसरा पुढल्या खेपेस आपलाही कोहळा नेणार म्हणतो.