मोटारीचा हीटर

डोळखांबचे मामा जुनी मोटार चालवतात. एक दिवस मोटारीत पाय ठेवायच्या जागी ओल दिसली. काचेवर आतून वाफ धरू लागली. गोडसर वास येऊ लागला.

भाचा म्हणाला, "मामा, हीटर गळतोय. आपल्याकडं थंडी ती किती! हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकू. कटकट मिटली."

मामा म्हणाले, "गळती थांबेल खरी. पण आधी हीटर म्हणजे काय ते ऐक."

इंजिन चालले की तापते. ते फार तापू नये म्हणून आत पाणी फिरते. तेच गरम पाणी एका नळीने हीटरच्या जाळीत येते. दुसऱ्या नळीने परत जाते. पंखा जाळीवर वारा घालतो. तो वारा गरम होऊन गाडीत येतो. म्हणजे हीटर हा रेडिएटरचा धाकटा भाऊच.

"कसारा घाट चढताना कधी काटा वर जातो. तेव्हा मी हीटर चालू करतो. आपल्याला घाम फुटतो, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात बरी जागा बघून गाडी उभी करता येते. असा अडीनडीचा सोबती तोडायचा कशाला?"

भाच्याला पटले. दोघे कामाला लागले.

आधी इंजिन पुरते गार होऊ दिले. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उडते.

मग पाणी बादलीत काढले. मामा म्हणाले, "यात कूलंट आहे. चवीला गोड, पण विष आहे. कुत्रं, शेळी, वासरू प्यालं तर जिवाला मुकेल. अंगणात नको ओतू, ओढ्यात तर नकोच." ते पाणी त्यांनी डब्यात भरले. झाकण घट्ट लावले. डब्यावर मामांनी स्वतःच्या हाताने मोठे अक्षर लिहिले : विष. डबा गॅरेजवाल्याकडे द्यायचे ठरले.

हीटर बाहेर काढला. जाळीतली धूळ, पाचोळा झाडला. पाणी ज्या तोंडाने बाहेर पडते, त्या तोंडाने साधे पाणी सोडले. आतला गंज, गाळ उलटा बाहेर आला. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतले.

मग एक तोंड बंद केले. जाळी पाण्यात बुडवली. दुसऱ्या तोंडाने सायकलच्या पंपाने हळू हवा भरली. एका जागी बुडबुडे आले. गळती सापडली!

जाळी तांब्या-पितळेची होती. कारागिराने डाख लावला. पुन्हा बुडवून पाहिली. बुडबुडा नाही. रबरी नळ्यांना चिरा होत्या. त्या नव्या घातल्या. क्लिपा आवळल्या. नवे पाणी व कूलंट भरले. हीटर चालू ठेवून इंजिन चालवले. कुठे थेंब नाही.

भाचा म्हणाला, "मामा, तोडणं सोपं होतं."

मामा हसले. "तोडायला घटका लागते. पण घाटात काटा वर गेला, की जोडलेलंच कामाला येतं."

प्रश्न
१. हीटरमध्ये गरम पाणी कोठून येते?
२. रेडिएटरचे झाकण केव्हा उघडू नये?
३. मामांनी डब्यावर काय लिहिले? का लिहिले?