पदकाच्या काठावरील अक्षरे

गेल्या पावसाळ्यात इतिहासाच्या तासास रोह्याकडील एक विद्यार्थी रुमालात बांधून एक काळवंडलेले वाटोळे पदक घेऊन आला. खापरपणजोबांचे आहे, एवढेच त्यास ठाऊक होते. मुलांनी राजाचे मुख पाहिले, उलट बाजूचा घोडेस्वार पाहिला, आणि “चांदीचे आहे का?” असे विचारून ते परत केले. काठाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. म्हणून हा पाठ.

हे पदक पहिल्या महायुद्धातील असून त्यास ‘ब्रिटिश वॉर मेडल’ म्हणत. त्यावर पंचम जॉर्ज यांचे मस्तक व मागे १९१४ आणि १९१८ ही साले आहेत. रणपदक म्हणजे शौर्यपदक नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानात धरावा. शौर्यपदक एखाद्या विशिष्ट पराक्रमाबद्दल मिळते. रणपदक मोहिमेत चाकरी बजावणाऱ्या प्रत्येकास मिळे. मात्र या ‘प्रत्येकास’ शब्दात एक मेख होती. शिपायाचे पदक चांदीचे, आणि हिंदी, चिनी वगैरे मजूर-तुकड्यांतील माणसांचे तेच पदक ब्राँझचे! चांदीची सुमारे ६५ लाख निघाली, ब्राँझची सुमारे १ लाख १० हजार. ओझे वाहणाऱ्यास गोळी कमी लागत असे, असे काही आमच्या वाचनात आलेले नाही.

आता भिंग घेऊन काठ पाहावा. क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण अशी इंग्रजी अक्षरे तेथे आढळतील. नावे कारकुनाच्या कानी पडली तशी लिहिलेली असतात. ‘मराठा’ हा शब्दही ‘महरट्टा’ असाच वाचावा लागतो. आमच्या हातातील पदकावर ११०वी मराठा पलटण होती. १०३वी व ११७वी या मराठा पलटणींसह ती मेसोपोटेमियात कूट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. अन्न संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. पुढे कैदेत कित्येकांचा अंत झाला.

त्या मोहिमेत पडलेल्या, परंतु ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे होती. हिंदी अधिकाऱ्यांचीही होती. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या कोरली गेली. सन २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाने अशा भेदभावाबद्दल क्षमा मागितली. दगडाने जे नाव घेतले नाही, ते या बोटभर काठाने घेतले होते.

आणि तोच काठ आम्ही वितळवितो! पेणच्या बाजूच्या एका घरी चौकशी केली, तेव्हा आजीबाई म्हणाल्या की, दोन पदके होती, त्यांचे सुनेचे पैंजण केले. एका पदकात सुमारे अडीच तोळे चांदी असते. अडचणीच्या वर्षी ती मोडली, यात त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. नाव आजीबाईंस आठवत होते; क्रमांक व पलटण मुशीत गेली.

धातूवरून योग्यता ठरविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रोह्याला लागूनच असलेल्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात सापडली. साथीदार सारे ठार वा जखमी. घाडगे एकटेच तोफखड्यावर धावून गेले, बाँब फेकून मशीनगन बंद पाडली, आणि बंदूक पुन्हा भरण्यास उसंत नसल्याने उरलेल्या दोघांशी तिच्या दस्त्याने लढले. नंतर नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे २२. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे. हिंदी शिपायांस १९११ पर्यंत न मिळू शकणारे ते सर्वोच्च पदक चांदीचे नसते, ब्राँझचे असते.

असो. घरी पदक असल्यास ते राखेने वा चिंचेने घासू नये, अक्षरे झिजतात. काठ वाचून वहीत उतरवावा. आमच्या त्या विद्यार्थ्याने तो फळ्यावर उतरविला. आडनाव कारकुनाने चुकविले होते; मुलाने ते पुसून मराठीत नीट लिहिले. क्रमांक तसाच राहू दिला.