श्वासागणिक किती धूर? – व्यक्तिगत प्रदूषणाचे मोजमाप

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कारखान्यांची धुराडी आणि वाहनांनी गजबजलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. प्रदूषण मोजणारी केंद्रेही बहुतांशी शहरांतच उभारलेली असतात. केंद्राचे हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून साधारणतः ३ ते १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागी असावे असा संकेत आहे. शहराची हवा गतवर्षापेक्षा सुधारली की बिघडली, हे सांगण्यास ही व्यवस्था योग्यच होय. परंतु त्या उंचीवर कोणी श्वास घेत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून स्वयंपाक करणारी स्त्री, तिच्या कडेवरचे मूल, ओटीवर बसलेला वृद्ध आणि शेतात गेलेला कर्ता पुरुष हे एकाच घरचे असले, तरी त्यांच्या फुप्फुसांत जाणारी हवा एक नसते. म्हणूनच हवेत किती प्रदूषण आहे या प्रश्नाबरोबर ते कोणाच्या वाट्याला किती आले, हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला शास्त्रज्ञ ‘व्यक्तिगत संपर्क’ म्हणतात.

हा हिशेब समजण्यास सोपा आहे. एखाद्या गावाच्या मोकळ्या हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे असे समजू. त्या गावातील गृहिणी दिवसाचे २० तास अशा हवेत आणि ४ तास चुलीपुढे घालवते व चुलीपाशी हे प्रमाण ६०० असते. २० गुणिले ६० म्हणजे १२००. ४ गुणिले ६०० म्हणजे २४००. दोहोंची बेरीज ३६००. तिला २४ ने भागले की १५० हा तिचा दिवसाचा सरासरी संपर्क निघतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे. दिवसाच्या सहाव्या हिश्शात तिने दोन तृतीयांश प्रदूषण श्वासावाटे घेतले आणि गावात केंद्र असते तरी त्याने ६० हाच आकडा दाखविला असता.

अंगावर वागविण्याचे यंत्र

माणसाबरोबर फिरणारे हवा-नमुना यंत्र प्रथम कामगारांच्या रक्षणासाठी निघाले. इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात शेरवुड आणि ग्रीनहाल्ग यांनी १९६० मध्ये असे यंत्र वर्णिले. त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. कमरेला विद्युत्‌घटावर चालणारा छोटा पंप, त्याला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाशी गाळणकागदाची डबी. ही डबी गळ्याजवळ, नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत अडकवितात. डबीपूर्वी एक लहान विभाजक असतो. तो मोठे कण बाजूला टाकतो आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतके कणच पुढे जाऊ देतो.

पंप मिनिटाला २ लिटर हवा ओढत असेल, तर २४ तासांत २,८८० लिटर म्हणजे २.८८ घनमीटर हवा गाळली जाते. गाळणकागदाचे वजन आधी व नंतर करावयाचे. ते २८८ मायक्रोग्रॅमने वाढले असेल, तर सरासरी प्रमाण दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. वरवर पाहता हे साधे वाटते, पण २८८ मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कागदाने हवेतील ओल शोषली तरी वजन बदलते. म्हणून तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवलेल्या खोलीतच तो तोलावा लागतो, न वापरलेले कोरे कागदही ताडून पाहावे लागतात आणि पंपाचा वेग आरंभी व अखेरीस तपासावा लागतो.

प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचे प्रमाण क्षणोक्षणी दाखविणारी स्वस्त उपकरणेही आता मिळतात. चूल पेटली की आकडा कसा उसळतो, हे त्यांवर चांगले दिसते. मात्र दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि उपकरण प्रमाण वाढवून दाखविते. कोकणातील पावसाळ्यात अशा आकड्यांवर विसंबण्यापूर्वी गाळणकागदाच्या पद्धतीशी त्यांचा मेळ घालणे आवश्यक आहे.

यंत्रापेक्षाही अवघड असते ते माणसाचे सहकार्य. स्नानाच्या वेळी यंत्र काढून ठेवले जाते, निजताना ते उशाशी ठेवावे लागते. कधी ते खुंटीला अडकवून विसरलेही जाते. यासाठी नव्या यंत्रांत हालचाल टिपणारी सोय केलेली असते. त्याच्या जोडीला कोणत्या वेळी व्यक्ती कोठे होती आणि काय करीत होती, याची रोजनिशी ठेवतात. रोजनिशीवाचून मिळालेला आकडा मुका असतो.

मोजणीतून काय दिसले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड येथे १९९० मध्ये धूम्रपान न करणाऱ्या १७८ व्यक्तींच्या अंगावर अशी यंत्रे बसविण्यात आली. दिवसा घरातील आणि घराबाहेरील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण सरासरी ९५ मायक्रोग्रॅम निघाले. व्यक्तींच्या अंगावरील यंत्रांत मात्र ते १५० होते. माणूस वावरताना धूळ उडवितो आणि धुरा-धुळीच्या उगमांजवळ जातो, हे त्याचे कारण.

भारतातील मोजणी याहून गंभीर होती. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये गुजरातमधील ४ खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना यंत्रे दिली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण होते. याच संकटाचे रुग्णालयातील रूप हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी आधीच दाखविले होते. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येण्याचा आजार दिल्लीतील स्त्रियांत जवळपास पुरुषांइतकाच आढळत होता. वास्तविक स्त्रियांत धूम्रपान अल्प होते. त्यांनी लक्ष वेधले ते घरातील धुराकडे.

हे बारीक कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे दाह उत्पन्न करतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवितो. बालकांचा न्यूमोनिया, श्वसनमार्गाचे जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसांचा कर्करोग यांच्याशी चुलीच्या धुराचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, असे या संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. भारतात २००९ मध्ये ठरविलेली मर्यादा ४० ची आहे.

चूल बदलली, पुढे काय?

योजनांचे मूल्यमापन करणाऱ्यांनी ग्वाटेमालातील एक प्रयोग अवश्य अभ्यासावा. तेथे ५३४ कुटुंबांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने, धुराडे असलेली चूल देण्यात आली. कार्बन मोनॉक्साइड टिपणाऱ्या लहान नळ्या बालकांच्या व मातांच्या कपड्यांना लावल्या होत्या. स्वयंपाकघरातील वायू सुमारे ९० टक्क्यांनी घटला. बालकांचा संपर्क मात्र ५२ टक्क्यांनीच. धुराड्यातून बाहेर गेलेला धूर अंगणात आणि शेजारी होताच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला; एकूण न्यूमोनियातील घट मात्र ठामपणे सांगण्याजोगी ठरली नाही. केवळ स्वयंपाकघर मोजून थांबले असते, तर हा फरक उलगडलाच नसता.

त्यानंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथे सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला. भारतातील काम तामिळनाडूत होते. निम्म्या स्त्रियांना गॅसची शेगडी व सिलिंडर विनामूल्य मिळाले. अंगावरील यंत्रांनी दाखविले की त्यांचा सूक्ष्म कणांशी संपर्क सरपण वापरणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांशावर आला. तरीही बालकांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. यावरून गॅस निरर्थक ठरत नाही. तो मिळाला तेव्हा गर्भारपणाचे पहिले काही आठवडे उलटले होते आणि हृदय व फुप्फुसांचे विकार जडण्यास तर वर्षानुवर्षे लागतात. दीड वर्षाच्या प्रयोगात ते दिसणार कसे?

भारतात १९८० च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. निर्धूर चुली किती बसविल्या याची नोंद भरपूर झाली. त्या पुढे किती पेटल्या याची कमी. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस गरिबांच्या घरी नेला, हे मोठेच काम झाले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के आढळली. गॅस आलेल्या घरांतही भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी परसातील चुलवणावर, हे दृश्य महाराष्ट्रातील गावांना अपरिचित नाही. जोडणीची नोंद वहीत एकदाच होते, धूर मात्र रोजचा.

यंत्रे प्रत्येक गावी नेणे शक्य नाही, पण रोजनिशी शक्य आहे. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी आठवडाभर आपापल्या घरी चूल केव्हा पेटली, किती वेळ जळली, सरपण ओले होते की सुके, त्या वेळी तिच्याजवळ कोण बसले होते, खिडकी उघडी होती का आणि सिलिंडर किती दिवस पुरला, एवढ्या नोंदी ठेवल्या तरी ग्रामपंचायतीला आपल्या गावातील धूर कोणत्या घरांत आणि कोणाच्या वाट्याला अधिक येतो, हे बऱ्याच अंशी कळू शकेल. थंडीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात ही नोंद वेगवेगळी ठेवावी लागेल. सरपण भिजते ते पावसाळ्यात आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात त्या थंडीत.