औषधाचेच व्यसन जडते तेव्हा

व्यसन म्हटले की दारू, गांजा किंवा अफू यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर विकत घेतलेली झोपेची गोळीही त्याच वाटेने नेऊ शकते, ही गोष्ट मात्र घरच्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. एखाद्या आघातानंतर चार दिवसांसाठी सुरू झालेली गोळी जुनीच चिठ्ठी पुढे करून वर्षानुवर्षे घेतली जाते.

अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या गटातील औषधे मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाचा प्रभाव वाढवितात. काही आठवड्यांतच मेंदू या बाहेरच्या आधाराशी जुळवून घेतो. मग तेवढीच मात्रा अपुरी पडू लागते आणि गोळी चुकली की निद्रानाश, कंप, घाम व धास्ती ही लक्षणे उद्‌भवतात. मूळ आजारच उलटला अशी रुग्णाची समजूत होते आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो.

निश्चय करून एका दिवसात सर्व गोळ्या फेकून देणे घरच्यांना मोठे धैर्याचे वाटते. वस्तुतः ते अत्यंत धोक्याचे आहे. औषध एकाएकी तोडल्यास अपस्मारासारखे झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून उपचाराचे मुख्य सूत्र म्हणजे मात्रा हळूहळू उतरविणे. अल्पकाळ टिकणाऱ्या गोळीऐवजी पुष्कळदा समतुल्य मात्रेत डायझेपाम देतात, कारण ते शरीरात दीर्घकाळ राहते व चढउतार सौम्य होतात. वृद्धांना आणि यकृताचा विकार असणाऱ्यांना मात्र ते मानवेलच असे नाही. त्यानंतर साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के घट केली जाते. यास कित्येक महिने, क्वचित वर्षही लागते. शेवटचा लहानसा तुकडा सोडणेच अनेकांना सर्वांत जड जाते. याच काळात झोपेची घडी बसविण्यासाठी ठरावीक वेळी उठणे, झोप येत नसता अंथरुणात पडून न राहणे, असे वर्तनोपचार शिकविले जातात.

कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांची गोष्ट निराळी. ती थांबविताना होणारा त्रास असह्य असला तरी सहसा प्राणघातक नसतो. येथे ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध देखरेखीखाली देतात. शरीर पूर्णपणे मुक्त झाल्यावर काहींना नाल्ट्रेक्सोन दिले जाते. काही काळ सुटलेल्या रुग्णाची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी जुनी मात्रा पुन्हा घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो, हे कुटुंबीयांस आधीच सांगून ठेवणे आवश्यक असते.

ट्रामाडॉल 2018 साली अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. अल्प्राझोलाम व कोडीन यांची विक्री 2014 पासून 'एच-1' अनुसूचीखाली असून विक्रेत्याने तिची नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. प्रत्येक दुकानी ती काटेकोर होते काय, हा प्रश्न वेगळा. समुपदेशन व निवासी उपचारांसाठी पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' कार्यरत आहे. मार्गदर्शनासाठी 14446 ही राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.